जुन्या तारेची वाट

“नाही! यात अम्मा आहे!” आर्द्राने उजव्या कानामागची जागा तळहाताने दाबून धरली आणि डॉक्टर आन्सूंकडे पाठ फिरवली.

नऊ वर्षांची पोर, पण हट्टाला पेटली की बापाचंही काही चालत नसे. ती जन्मापासून बहिरी. दोन वर्षांची असताना कोळिकोडच्या याच इस्पितळात तिच्या कानात केसासारखी तार बसवली होती. मग तिच्या आईने, शैलजाने, स्वतःच्या ओठांपुढे हात धरून तिला एकेक शब्द ऐकायला शिकवलं. ओठ दिसले तर मुलं ओठच वाचतात, कान वापरत नाहीत. शैलजा जाऊन चार वर्षं झाली होती. आता ती तारही निकामी झाली होती, आणि बदलायची म्हटलं तर पोर कानाला हात लावू देत नव्हती.

रजिता दाराशी उभी होती. ती या घरात लग्न होऊन आली त्याला दोन वर्षं झाली, पण आर्द्राने तिला अजून कशानेच हाक मारली नव्हती. काही हवं असलं की पदर ओढायची. रजिता रागावली की पोर कानावरचं, आतल्या तारेला आवाज पोचवणारं मशीन काढून सरळ खिशात घालायची. “घाल, घाल! भिंतीशी बोलते मी,” म्हणून रजिता हसायची. पण या पोरीत तिचा जीव गुंतला होता, आणि ते खिशात जाणारं मशीन तिला लागायचंच.

डॉक्टर खुर्ची फिरवून आर्द्रासमोर बसल्या, ओठ नीट दिसतील अशा.

“हे बघ, नवी तार हातात तयार असल्याशिवाय आम्ही जुनीला हात लावत नाही. जुनीनेच आत वाट धरून ठेवलेली असते. ती आधीच काढली तर वाट बुजते.”

“मग नवी कुठून जाते?”

“त्याच वाटेने.”

आर्द्राने हळूच कानावरचा हात काढला.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवड्यांनी मशीन सुरू करायचं ठरलं. त्या दिवशी आर्द्राच्या बापाने, सुधीशनने, बायकोला पुढे ढकललं. “तूच हाक मार. माझा घसा बसलाय.” सकाळपासून त्याचा घसा चांगला खणखणीत होता.

रजिताने ओठांपुढे हात धरला. आरशासमोर कितीदा तरी सराव केला होता तिने. “आर्द्रा... ए पोरी!”

आर्द्रा दचकली. किंचाळून तिने मशीन ओरबाडलं आणि फेकून दिलं. ते कपाटावर आपटलं. सुरुवातीला आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे येतात, महिनाभरात बसतं सगळं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रजिताला ते पाठ होतं. तरी रिक्षात ती सगळी वाट बाहेरच बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नाश्त्याच्या वाफवलेल्या पुट्टूची ताटली घेऊन आर्द्राच्या खोलीत गेली. पोर गाढ झोपली होती. टेबलावर शैलजाची तपकिरी वही उघडी पडली होती. मुलीने कुठल्या दिवशी काय ऐकलं, ते शैलजा रोज त्यात लिहायची. रजिताने दोन वर्षं ती वही पुसून जागेवर ठेवली, पण उघडली कधीच नव्हती. दुसरीची ठेव ती. आज मात्र पहिलंच पान समोर होतं, वर सात वर्षांपूर्वीची तारीख.

“पहिला दिवस. मी हाक मारली. घाबरली, मशीन फेकून दिलं. मी खूप रडले. उद्या पुन्हा.”

शेजारी, पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीची वेडीवाकडी अक्षरं होती.

“पहिला दिवस. अम्माने हाक मारली. मी घाबरले, मशीन फेकलं. उद्या पुन्हा.”

आईचं लिहिलेलं गिरवत बसली होती बिचारी! रजिताचे डोळे भरून आले. पोरीची ठेव पोरीपाशीच राहू दे, म्हणून तिने हलकेच वही मिटायला घेतली. तेव्हा तिला पेन्सिलीच्या ओळींच्या वर, कोपऱ्यात घातलेली तारीख दिसली.

ती कालची होती.