बढतीची अट

डायरेक्टर मारेकने वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म हेमांगीसमोर सरकवला. "एवाच्या शेऱ्यात 'कामात ढिलाई' एवढंच लिही. मग विभागप्रमुखाची जागा तुझी."

हेमांगी नऊ वर्षांपूर्वी सांगलीहून पोलंडला आली होती. आता त्या अकाउंटिंग कंपनीत बारा जणांची टीम तिच्या हाताखाली होती. त्यात एवाइतकं चोख काम कुणाचंच नव्हतं. पण एवाला सातवा महिना लागला होता आणि तिची बाळंतपणाची रजा मारेकला नको होती; त्याआधीच तिला काढायचा त्याचा बेत होता.

"मारेक, हे खोटं आहे," हेमांगी म्हणाली.

तो हसला. "तुझ्या जागी आधी दानूता होती ना? तिच्या शेऱ्यातही मी हेच लिहिलं होतं. तिची केमोथेरपी संपेपर्यंत किती थांबायचं? नाहीतर तुला ही टीम मिळाली असती का?"

ज्या बढतीचे पेढे हेमांगीच्या आईने सांगलीत अख्ख्या गल्लीत वाटले होते, ती अशी मिळाली होती. हेमांगीने फॉर्मवर 'काम उत्कृष्ट' असं लिहिलं, सही केली आणि त्याच्याकडे न बघता ती बाहेर पडली.

जिन्यात उभं राहून तिने दानूताला फोन लावला, दानूताची नोकरी गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदाच. "तुला खोटा शेरा देऊन काढलं होतं, हे मला आज कळलं," ती कशीबशी म्हणाली.

दानूता म्हणाली, "मला वाटायचं, तुला माहीत आहे. म्हणूनच तू कधी फोन करत नसशील."