टॅनर्स ब्रूकची दोरी

“टॅनर्स ब्रूकला कोणी उतरतच नाही, तर थांब्याच्या घंटेची दोरी ओढतं कोण?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून थियाने ट्रॉलीच्या, म्हणजे ट्रामच्या, चालकाला विचारलंच. फिलाडेल्फियाचा एकेक थांबा पाहून वहीत त्याला पाचपैकी तारे देत सुटलेल्या थियाचा तेवढा एकच बघायचा राहिला होता.

“तूच की गं पोरी, रोज,” तो हसला.

ती तर आज पहिल्यांदाच आली होती.

घंटा वाजली. थियाचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. दार उघडलं, ओल्या पानांचा वास आत आला, दार मिटलं. खिडकीच्या काचेत तिची सीट रिकामी दिसत होती. बाहेर बाकावर तिचाच पिवळा कोट घातलेली मुलगी हात हलवत होती.

रात्री जेवताना थिया म्हणाली, “आई, बाबा, उद्या मी टॅनर्स ब्रूकला उतरणार. मी तिथेच राहिलेय, स्वतःला घरी आणायचंय.”