पहिला फटका

फौजदार दुकानात आला तेव्हा शिंप्यानं आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली आणि स्वतः मशीनच्या स्टुलावर बसला. समोरच्या घरात एकट्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंचा काल भरदुपारी खून झाला होता, आणि खुनी पकडून दिला होता या शिंप्यानं. सकाळपासून दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि हकीगत ऐकायला येणारेच जास्त. गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणारा धारवाला बाईंच्या दारातून पळत बाहेर आला. हातात उघडी सुरी, कमरेच्या फडक्यावर तांबडे डाग. शिंपी ओरडला, रक्त, रक्त, धरा त्याला. कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन धावला आणि पहिला फटका त्यानंच हाणला. मग काय, अख्खी गल्ली उतरली, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन. पट्टी मोडली, मोडू दे. धारवाला काहीतरी बोंबलत होता म्हणा, पण खुन्याचं कसलं ऐकायचं?

कोपऱ्यात बसून त्याची बायको काजं करत होती. तिनं मान वर केली नाही.

फौजदार हं हं करत ऐकत होता. मध्येच त्यानं खुंटीवरच्या शर्टाकडे बोट केलं. बाहीवर तांबडे शिंतोडे होते. झटापटीत उडाले का, म्हणून विचारलं.

"छे हो," शिंपी हसला. "हे त्याच्या चाकाचं पाणी. गंज असतो ना त्यात. काल सकाळी इथंच दारात कात्र्यांना धार लावून घेतली, तेव्हा उडालं. चांगला झापला त्याला. त्याचं फडकं तर कायमच तसलं..."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोची सुई थांबली.

फौजदारानं आवाज चढवला नाही. बाईंचा खून झालेलाच नाही, तो म्हणाला. फळीवरचा डबा काढताना स्टुलावरून पडल्या, डोकं ओट्यावर आपटलं. धारवाला त्यांची सुरी परत द्यायला गेला, त्यानं पाहिलं आणि माणसं बोलवायला पळत सुटला. बाई पडल्यात, लवकर चला, एवढंच तो ओरडत होता. दवाखान्यातही तेच सांगत राहिला. आज पहाटे गेला.

आम्हाला काय कल्पना, साहेब, असं काहीतरी शिंपी पुटपुटला. बाई तर आधीच गेल्या होत्या, आम्हाला वाटलं...

"गेल्या नव्हत्या," फौजदार म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, तासभर तरी जिवंत होत्या. आत कोण गेलं होतं?"

कुणीच गेलं नव्हतं. पोलीस येईपर्यंत सगळी गल्ली बाईंच्या दाराकडे पाठ करून धारवाल्याला राखत उभी होती. शिंपी तर दम खायला त्यांच्याच पायरीवर बसला होता. कुणी त्याला पाणी दिलं होतं, कुणी पाठ थोपटली होती. त्याच्या पाठीमागे बाईंचं दार सताड उघडं होतं. त्याच बाईंनी त्याच्या पोरीला लिहायला-वाचायला शिकवलं होतं. आता त्याला अशी लाज वाटली की बायकोकडे बघायची हिंमत होईना.

"आता जबाब लिहून घ्यायचाय," फौजदार म्हणाला. "परत सांगा. पहिला फटका कुणाचा?"

शिंप्यानं बाहेर पाहिलं. इतका वेळ उंबऱ्याशी कान देऊन उभे असलेले एकेक करून सटकले होते. त्यानं कपाळ पुसलं. "गर्दी होती, साहेब. कुणाचा हात कुठं पडला, काही कळत नव्हतं."

बायकोनं काजाचा दोरा दातानं तोडला.

"सांगा ना," ती म्हणाली. "सकाळपासून येईल त्याला सांगताय."