दोन रिंगा

महारुद्रने सिग्नल आणखी एका डीबीने, म्हणजे डेसिबलने, कमी केला आणि हेडफोन कानांवर घट्ट दाबला. पुण्याच्या प्रयोगशाळेत, धातूच्या दोन बंद पेट्यांत ठेवलेले दोन फोन एकमेकांशी बोलत होते. बोलत कसले, एक फोन दुसऱ्याला तेच ते रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकवत होता. सिग्नल कमी करत नेला की ते वाक्य कुठे तुटतं, एवढंच वालूरच्या घरात बसून महारुद्रला टिपायचं होतं.

दिवाळीपर्यंत तिथे सिद्धोधन नावाचा गडी होता. महारुद्र फोनवरून सांगायचा, तीनची केबल पाचला लाव, आणि तो लावायचा. मधल्या वेळात दोघं कांद्याच्या भजीपासून क्रिकेटपर्यंत जगाचा निकाल लावून टाकायचे. मग तिथे स्विचचं यंत्र बसलं. आता लॅपटॉपवरच्या चौकोनात टिचकी मारली की हवा तो फोन हव्या त्या अँटेनाला जोडला जातो, आणि नळ आवळावा तसा सिग्नल आवळता येतो. सोय इतकी झाली की दिवसभरात माणसाशी एक शब्द बोलायची गरज उरली नाही. आजही सकाळपासून तो कुणाशी बोलला नव्हता. गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. त्याचे आईबापही त्यांतच.

सिग्नल एकाहत्तर डीबीने आवळल्यावर वाक्य फुटायला लागलं. चौऱ्याहत्तरावर एक शब्द कळेना. त्याने कॉल तोडला, पुन्हा लावला, तर रिंग मात्र छान वाजली. हे रोजचंच होतं. बोलणं पोचायचं बंद झालं तरी सिग्नल त्याहून कितीतरी कमी होईपर्यंत रिंग पोचत राहते. त्याने तक्त्यात आकडा टाकला.

सात वाजले आणि त्याचा स्वतःचा फोन थरथरला. माय.

मायचा, बायनाबाईचा, हा नेम होता. तिकडे बेळगावकडच्या फडात रेंज कसली मिळतेय? संध्याकाळी ती ऊस भरलेल्या ट्रॉलीवर चढायची, बटणांचा फोन वर धरायची, दोन रिंगा द्यायची आणि कापायची. फोन चार्ज व्हायचा चहाच्या टपरीवर, तोही टपरीवाल्याच्या मनात आलं तर. म्हणून बोलणं नाही. निघताना तिने बजावून ठेवलं होतं, "दोन रिंगा म्हंजे आमी खुशाल. तू उचलू नगं. न्हाई उचललास म्हंजे तूबी खुशाल. घरी काई वंगाळ झालं तरच उचलायचा."

बेचाळीस दिवस त्याने उचलला नव्हता. आज पहिलीच रिंग वाजली आणि त्याला राहवलं नाही. 'जेवलास का' एवढंच ऐकायचं होतं त्याला.

"माय..."

"आरं देवा!" पलीकडून किंकाळीच आली. "काय झालं रे? कामून उचललास?"

"काई न्हाई माय, असंच..."

"हॅलो? रुद्रा! पडलास का कुठं... कोन हाय जवळ... हॅ..."

फोन तुटला.

'असंच' तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, हे महारुद्रला पक्कं ठाऊक होतं. असले तुटलेले आवाज ऐकायचाच तर तो पगार घेत होता. तिला एवढंच कळलं होतं, की पोराने फोन उचलला.

त्याने उलटा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पाच वेळा लावला. आता ती ट्रॉलीवरून उतरली असेल, बापाला हाक मारली असेल. मुकादम ओरडत राहील आणि दोघं कोयता टाकून निघतील. वालूर येईपर्यंत वाटेत काय काय डोळ्यांपुढे आणेल ती! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. समोर लॅपटॉपवर पुण्याच्या सिग्नलचा नळ दिसत होता. तिथला सिग्नल एका बोटाने पुरा मोकळा करता आला असता. मायचा एका डीबीनेही नाही.

तेवढ्यात फोन वाजला. माय.

बोट पडद्यापर्यंत गेलं आणि थांबलं. उचलला तर परत अर्धाच शब्द पोचणार. आणि अर्ध्या शब्दावर ती आत्ताच्या आत्ता वाटेला लागणार. न उचललेली रिंग मात्र अख्खी पोचते.

त्याने हात मागे घेतला.

एक रिंग झाली, दोन झाल्या. तिने कापला नाही. तिसरी. चौथी. तिकडे ती ट्रॉलीवर उभी राहून, पोराने फोन उचलू नये म्हणून देवाला हात जोडत असणार. महारुद्रने दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले.

"जेवलो माय," वाजत्या फोनला तो म्हणाला. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "पिठलं केलतं. जरा खारट झालं. तू जेवलीस का?"

फोन वाजत राहिला. पुरा वाजून थांबला.

हेडफोनमधून बारीक आवाजात पुण्याचा फोन दुसऱ्या फोनला तेच फुटलेलं वाक्य सांगत होता. महारुद्रने मांड्यांखालचे हात काढले नाहीत.

मिनिटभराने फोन पुन्हा वाजला. एकदा. दोनदा. आणि कापला गेला.