नांगरटीतलं गवत

जतकडच्या माळावर कालव्याचं पाणी आलं, तसा बिराप्पानं सगळा माळ नांगरून डाळिंबासाठी तयार केला. पाण्याचा त्याच्या आईला, मायाक्काला, कोण आनंद झाला! पण घरची वीस मेंढरं आता चरणार कुठं, हा एकच घोर तिला लागला होता.

"इकून टाकू की, आये," बिराप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं भोवतीची जाळी उचकटून थेट नांगरटीत शिरली आणि माना खाली घालून चरू लागली. ढेकळांत गवताची काडी नव्हती, पण गवत तुटल्याचा करकर आवाज येत होता. मायाक्कानं एका मेंढीचं तोंड उघडून पाहिलं. जीभ हिरवीगार होती.

ती अनवाणीच आत गेली. तळव्यांना गार दंव लागलं, पोटऱ्यांना पाती गुदगुल्या करू लागली. पोरीसारखी खिदळत ती मटकन खाली बसली.

"बिरू, ये रं! आपला माळ हितंच हाय!"

बिराप्पा धावत आला आणि दहा पावलांवर थबकला. मोकळ्या ढेकळांवर त्याची नजर भिरभिरली, तिच्यावरूनही फिरली आणि तशीच पुढे गेली.

"आये," तो ओरडला, "तुझं हसणं ऐकू येतंय, पर तू हायस कुठं?"