माळीण कुठे भेटली

मांजरी गावच्या वैजनाथ घुल्यांच्या पत्राला दिगंबररावांनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. 'आमचा फुलांचा मळा आहे. आपल्या पुस्तकातली माळीण वाचून आई आठवली. एकच विचारतो, ती आपल्याला कुठे भेटली?'

पुरावा मागायचा, आणि तोही इतक्या गोडीनं! दिगंबररावांना ते टोचलं.

पुस्तक ख्रिस्ती धर्माच्या उगमावर होतं. सातव्या प्रकरणात एका सीरियन व्यापाऱ्याचं जुनं पत्र होतं. येशूच्या पश्चात पहिली मंडळी जेरुसलेमात नव्हे, एका बंदरात, माळणीच्या अंगणात जमली, असं तो सांगतो. वचनांची पानं ती केळीच्या सोपटानं, बुंध्याच्या वाळक्या सालीनं, बांधून ठेवायची. सोपट आलं म्हणजे हिंदुस्थानशी व्यापार आला! त्या एका सोपटावर दिगंबररावांनी अख्खं प्रकरण उभं केलं होतं.

दुपारी डोळा लागला की ती माळीण स्वप्नात यायची. ओले हात, ओच्यात शेवंती.

"अहो, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईची वाट बघता," त्यांची बायको हेमा म्हणायची, "मांजरीच्या माणसाला दोन ओळी होत नाहीत?"

यंदा दुसरी आवृत्ती निघायची होती. प्रकाशक वरदचा फोन आला. "काका, लोक सातवंच प्रकरण वाचतात. पण मूळ पत्र कुठलं, ते द्या. नाहीतर सगळं पुस्तकच खोटं म्हणतील."

दिगंबररावांनी विशीतली टिपणं काढली. तेव्हा ते वाचनालयात बसून उतारे उतरवून घेत. ग्रंथाचं नाव फक्त पहिल्या चिठ्ठीवर. माळणीच्या उताऱ्याची ही चौथी होती, पहिली कधीच हरवलेली. हिच्यावर नुसता वाचनालयाचा क्रमांक आणि 'पान ११४'.

कसबा पेठेतल्या त्या वाचनालयात ग्रंथपाल भाग्यश्रीनं एक जाड बांधीव खंड आणून ठेवला. "आजोबा, नक्की हाच? इतिहास वरच्या मजल्यावर असतो."

"क्रमांक हाच आहे."

पान ११४. शब्दन् शब्द तोच. अंगण, माळीण, सोपट. मग ते एकेक पान मागे उलटत १०९ पर्यंत गेले आणि खंड मिटून उठले. खिडकीतल्या उन्हात धूळ तरंगत होती.

बाहेर येऊन त्यांनी वरदला फोन लावला. "सातवं प्रकरण काढून टाक."

"म्हणजे पुरावा नाही मिळाला?"

"मिळाला."

टपाल कचेरीतल्या बाकावर बसून त्यांनी उत्तर लिहिलं, दोनदा वाचलं आणि पेटीत टाकलं.

'श्री. घुले, उशिराबद्दल क्षमा असावी. माळीण मला एका जुन्या दिवाळी अंकात भेटली, आपण लिहिलेल्या कथेत.'