कावळा आणि फांदी

उधन्याच्या कारखान्यात नवा कारागीर आला अन् त्याच दिवशी माग बंद पडला. शेठ त्याला हाकलायलाच निघाला, तेव्हा राजधर मध्ये पडला. "शेठ, कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याला फासावर चढवता का?" कारागीर राहिला. नवऱ्याचं हे बोलणं कोकिळेनं डिंडोलीतल्या घरोघरी मिरवलं होतं.

आज दुपारी पाणी भरताना सासरे घसरले आणि त्यांचा पाय मोडला. दवाखान्यातून घरी येताच सासूनं कपाळ बडवलं. "हिचा पायगुणच खोटा! घरात आली आणि साडेसाती लागली."

कोकिळा निर्धास्त होती. आता कावळा निघणार, म्हणून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

राजधर मान खाली घालून म्हणाला, "आई म्हणते त्यात काहीतरी असेलच. तू माहेरी जा."

तेवढ्यात कोकिळेचा धाकटा भाऊ नंदुरबारहून येऊन दारात उभा राहिला.

"तुला इतक्यात कसं कळलं रे?"

"काय कळलं? दाजींनी परवाच निरोप धाडला होता, ताईला घेऊन जा म्हणून."

सासऱ्यांच्या पायाचं प्लास्टर अजून ओलं होतं.